टिपणिसांचा खड्डा

ईश्वर टिपणीस तक्रारखोर आहेत, यावर पूनम सागर वसाहतीतल्या 'सागरछाया' इमारतीचे एकमत होते. दुसऱ्या कशावरही होत नसे. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन प्रयोगशाळेत उमेदीची वर्षे घालवलेला हा गृहस्थ गिरगाव सोडून मिरा रोडला आला, तेव्हाच मिठागरांवर भराव टाकून उभारलेल्या घरांत काय काय नसेल याचा त्याला अंदाज होता. जे नव्हते त्याबद्दल तो बिल्डरला लिहीत राहिला. उत्तर आले नाही. पण त्याचे म्हणणे खोटेही कधी ठरले नाही.

१९९३ च्या दिवाळीनंतर त्यांची मुलगी संपदा माहेरी बाळंत झाली. बाळाला न्हाऊ घालायला वरसाव्याहून विमलाबाई येत. त्यांची रीत जुनी: ओल्या फरशीवर पाय पसरून बसायचे, उघड्या पायांवर बाळ पालथे घ्यायचे आणि बसल्या जागेवरून नळ सोडून ऊन पाणी घालायचे. इमारतीत मात्र त्या दिवसांत सगळे रबरी चपला घालून अंघोळ करत. 'नळ चावतो' असे म्हणत, जसे डास चावतात म्हणावे.

त्या सकाळी विमलाबाईंनी नळाकडे नेलेला हात झटकन मागे घेतला.

"ताई, पोर घ्या आधी," त्या टिपणिसांच्या पत्नीला, हंसाबाईंना म्हणाल्या. "नळाला करंट हाय तुमच्या. मी हितं बसणार न्हाय."

"चपला घाला ना. आम्ही सगळे घालतो."

"मी घालीन वो. पोराला कुठं घालू?"

टिपणिसांनी नळाला टेस्टर लावला. आतला दिवा लाल पेटला. ते वळून टेबलाकडे निघाले, तशा हंसाबाई आडव्या आल्या. "आता लिहू नका. काहीतरी करा. नाहीतर मी लेकीला आणि नातवाला आजच सासरी पाठवते."

टिपणिसांनी मेन स्विच बंद करून बोर्ड उघडला. उपकरणात बिघाड होऊन वीज त्याच्या पत्र्यावर आली, तर तिसऱ्या पिनेच्या तारेने ती जमिनीत उतरावी, त्या लोंढ्याने फ्यूज उडावा आणि माणूस वाचावा, एवढी साधी ही व्यवस्था. इथे ती तार बोर्डातून निघून भिंतीतल्या पाण्याच्या नळाला गुंडाळून सोडली होती. बिल्डरची काटकसर. लोखंडी नळ जमिनीत जात होते तोवर ही लबाडी झाकून राहिली. पण बोअरच्या खारट पाण्याने खालून गच्चीवर जाणारा नळ खाल्ला, आणि मे महिन्यात कमिटीने नारळ फोडून त्या जागी प्लास्टिकचा बसवला. घराघरांतले नळ लोखंडीच राहिले, एकमेकांना जोडलेले आणि जमिनीपासून तुटलेले. आता एका घरात बिघाड झाला की साऱ्या घरांचे नळ चावणार होते.

रविवारी त्यांनी सगळ्यांना आवारात बोलावले. सेक्रेटरी काशीनाथ महाडिक हसतच आले.

"टिपणीस, तुमची तक्रार नसली की रविवार कसा सुना जातो. बोला. तीन पिना घरोघर आहेत, अजून किती पाहिजेत?"

"पिना आहेत. जमीन नाही."

टिपणिसांनी एका बल्बला दोन तारा जोडल्या. एक तार मीटरच्या खोलीतल्या चालू विजेला जोडली. दुसरी गच्चीवरून उतरलेल्या नळाला लावली. बल्ब पेटला नाही. मग तीच तार त्यांनी मातीत ठोकलेल्या लोखंडी कांबीला लावली, आणि भर उन्हात बल्ब झगझगला. हसू थांबले. आवारात खड्डा खणून घराघरांतल्या तारा जमिनीला जोडू, असे टिपणिसांनी सुचवले. त्यानंतर नळाला टेस्टर धरून त्यांनी एकेका घरचा गीझर बंद करायला लावला. महाडिकांचा बंद होताच टेस्टरमधला दिवा विझला.

"म्हणजे माझा?" महाडिक खाली पाहत म्हणाले. "बरं, दुरुस्त करून घेतो. खड्डा कशाला?"

"आज तुमचा, उद्या माझा. माझ्या घरी तान्हं मूल आहे महाडिक, आणि त्याला चपला येत नाहीत."

खड्डा खणला गेला. तांब्याची पट्टी पुरली, भोवती कोळसा भरला. अशा खड्ड्यात मीठही घालतात. इथे त्याची गरजच नव्हती. ज्या काळ्या, ओल्या, खारट मातीतल्या पाण्याने इमारतीचे लोखंड खाल्ले, तिच्याइतकी वीज गिळणारी माती शोधून सापडली नसती. घराघरांतल्या तारा नळांवरून सोडवून त्या पट्टीला जोडल्या. लोक त्याला कुचेष्टेने 'टिपणिसांचा खड्डा' म्हणत. टिपणिसांना ते नाव योग्य वाटले.

तोवर बाल्कनीत बादलीच्या पाण्याने न्हाणारे बाळ पुन्हा न्हाणीघरात आले. महाडिकांनी गीझर ओळखीच्या माणसाकडून जुजबी दुरुस्त करून घेतला होता. एका सकाळी विमलाबाईंचा एक हात बाळाच्या पाठीवर आणि दुसरा नळावर असताना दाराची बेल वाजली. अंगाला साबण, कमरेला टॉवेल अशा अवतारात महाडिक उभे होते.

"गीझर लावला की फ्यूज उडतोय. तुमच्या खड्ड्याने काय करून ठेवलंय बघा."

टिपणिसांनी ही तक्रार शांतपणे, अगदी शेवटपर्यंत ऐकून घेतली. आत पाण्याची धार चालू होती. बाळ रडत होते आणि विमलाबाई त्याला म्हणत होत्या, "झालं रं राजा, झालं."

"उडणारच," टिपणीस म्हणाले. "त्यासाठीच खणला तो. आता गीझर बदला. बसा, गरम पाणी आमच्याकडून न्या."