ग्रेन म्हणजे कशाचा दाणा?

पुस्तकांना बंदुकीच्या तेलाचा वास येतो, हे मला लग्नानंतर कळलं. माहेरी अमरावतीला पुस्तक म्हणजे शाईचा आणि खळीचा कोरडा, विद्येचा म्हणावा असा सुगंध. सासरी बुलढाण्याकडच्या धामणगावला मात्र मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, सागवानी पेटीतून इंग्रजी पुस्तकं निघत, त्यांना तेल, कापूर आणि पावसाळ्यातली ओल यांचा असा काही संमिश्र दर्प असे की पान उलटण्याआधीच डोकं गरगरू लागावं. पुढे जे झालं, त्याची ती पूर्वसूचना होती की काय, कोण जाणे!

महायुद्धाची वर्षं होती ती. मामाजींकडे परवान्याची दुनळी बंदूक होती, आणि डोंगराच्या पायथ्याशी भुईमुगाचं शेत होतं. रानडुकरांचा कळप एका फेरीत सगळं वावर नांगरल्यासारखं उकरून टाकी. नागपूरच्या दुकानातून तयार काडतुसं येणं बंद झालेलं. तेव्हा मामाजींनी ठरवलं, की जुनी पितळी काडतुसं घरीच पुन्हा भरायची. त्यांच्यासारख्या सावध माणसाला ऐकीव माहितीवर भरवसा ठेवणं शक्यच नव्हतं. त्यांना शास्त्र हवं होतं, आणि शास्त्र तर सगळं इंग्रजीत! मग सुरू झाला तो पुस्तकांचा शोध. बुलढाण्याला एका निवृत्त जंगलसाहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, तिथून हिरव्या कापडी बांधणीचं जाडजूड पुस्तक आलं. मलकापूरच्या रद्दीवाल्याकडून मुखपृष्ठ गमावलेलं दुसरं. देऊळगावराजाच्या जत्रेला गेले, तर बालाजीच्या प्रसादाबरोबर एक पातळ चोपडी घेऊन आले. तिचा अर्धा भाग जाहिरातींनीच भरलेला होता.

वाचणार कोण? माझे यजमान नागपूरला वकिलीचा अभ्यास करत होते. घरात इंग्रजी येणारी मी एकटी, मॅट्रिक झालेली सून. मामाजींसमोर मी तोवर चार शब्द बोलले नव्हते. एके दुपारी त्यांनी तिन्ही पुस्तकं दाराच्या उंबऱ्यावर ठेवली आणि बाहेरूनच म्हणाले, "सूनबाई, याच्यातलं कोन्तं खरं, तेवढं सांग मले."

कोणतं खरं! केवढा साधा प्रश्न! आणि त्याच्यापुढे माझी सगळी विद्या कशी केविलवाणी झाली म्हणून सांगू! मी पदर सावरून उंबऱ्याच्या आत बसे, मामाजी बाहेर ओसरीवर बसत, आणि मी मोठ्याने अर्थ लावू लागे. 'चार्ज' या शब्दाला माझ्या शब्दकोशात आरोप, हल्ला, ओझं आणि किंमत असे अर्थ होते. काडतुसावर आरोप कोणी केला होता? एक पुस्तक बंदुकीची दारू ड्राममध्ये मोजी, दुसरं ग्रेनमध्ये. ड्राम म्हणजे दवाखान्यातल्या औषधाच्या बाटलीवरचं माप, एवढं मला माहीत होतं. ग्रेनचा अर्थ मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितला, "दाणा."

"कशाचा दाना वो? जवारीचा, का तुरीचा?"

मी शब्दकोश पुन्हा उघडला. मामाजींनी मात्र सोनाराकडून तराजू मागवला आणि खरोखरच ज्वारीचे दाणे एका पारड्यात घालून पाहिले. आतून सासूबाईंनी विचारलं, "आता बंदुकीत हुरडा भरून राह्यले का?" मामाजी हसले नाहीत. त्यांनी दाणे पुन्हा मोजले.

त्या दिवसांतला माझा गोंधळ आजही जसाच्या तसा आठवतो. तिन्ही पुस्तकं एकमेकांशी भांडत होती, आणि तिन्हींचा स्वर सारखाच निःशंक, सारखाच गुरुगंभीर! हिरवं पुस्तक जे माप देई, ते चोपडीला अमान्य. मुखपृष्ठ नसलेलं सांगे, की दुसऱ्या कुठल्या पुस्तकाचं ऐकाल तर याद राखा. ज्ञान वाढावं म्हणून माणूस एकाची तीन पुस्तकं करतो, आणि तिसरं उघडताच पहिल्यावरचाही विश्वास गमावतो, हे केवढं विलक्षण! पण मी हे बोलले नाही. गावातली माणसं ओसरीवर येऊन बसत, आणि मामाजी त्यांना अभिमानाने सांगत, "आमची सून सायबाचं पुस्तक वाचते." एवढ्या अभिमानापुढे 'मला समजत नाही' हे तीन शब्द उच्चारायला किती धैर्य लागतं, हे ज्याने ते गिळले आहेत त्यालाच ठाऊक! शेवटी मी हिरवं पुस्तक निवडलं. का? त्याची बांधणी भारदस्त होती आणि अक्षर मोठं होतं. दुसरं कारण नव्हतं.

मामाजींनी त्याच्याबरहुकूम काडतुसं भरली. तो दिवस आश्विनातला होता. उन्हं कलायला लागली तेव्हा ते बंदूक घेऊन शेतातल्या मचाणावर गेले, आणि सासूबाईंनी मला ओसरी झाडायला सांगितलं. तिथे मामाजींनी पसरलेल्या धोतराच्या फडक्यावर थोडी दारू सांडली होती. मी ती प्रथमच पाहत होते. पिवळसर, कोंड्यासारखी, चपट्या कणांची. आणि हिरव्या पुस्तकात तर पानोपानी लिहिलं होतं, कोळशासारखी काळी! मी चोपडी उघडली. जाहिरात समजून सोडून दिलेल्या एका मजकुरात म्हटलं होतं, की नवी दारू जुन्या काळ्या दारूच्या मापाने भरू नये, बंदूक फुटेल, बोटं उडतील. आमच्या दारूच्या डब्यावरचा कागद अर्धा फाटलेला. आमची दारू नवी होती? की आणखी तिसरीच कुठली होती? मला काही म्हणजे काहीच कळेना.

मी पळत सुटले. डोक्यावरचा पदर कुठे, चप्पल कुठे, भान नव्हतं. मचाणाखाली शेजारचे दोघे शेतकरी बसले होते. ते उठून उभे राहिले.

"मामाजी, बार उडवू नका!"

"काऊन? काय झालं?"

"मले पुस्तक समजलंच नव्हतं, मामाजी. मी उगीच सांगितलं."

खालच्यांपैकी एकजण हसला. मामाजींनी बंदूक मधोमध मोडून नळ्या उघडल्या, दोन्ही काडतुसं बाहेर काढली, खाली उतरले आणि ती माझ्या ओंजळीत ठेवली. "चाल घरी," एवढंच म्हणाले.

त्या रात्री डुकरांनी अर्धा भुईमूग नेला. 'पाटलाच्या सुनेच्या इंग्रजीनं डुकरं पोसली' असं गावभर झालं. मामाजींनी मलकापूरहून बंदुका दुरुस्त करणाऱ्या करीमचाचांना बोलावलं. त्यांनी दारू बोटांवर चोळली, हुंगली, डब्याचा फाटका कागद उजेडात धरला आणि मान हलवली. "पाटील, दोनी गोठी होऊ शकते. फुटली असती, नसती बी फुटली. खुदा जाने." मामाजींनी काडतुसांतली दारूही डब्यात ओतली आणि सगळा डबा नाल्याच्या डोहात रिकामा केला. मी बरोबर होते की चूक, हे सांगू शकणारी एकमेव गोष्ट डोहाच्या तळाशी गेली.

मामाजींनी मला त्यावरून कधी बोल लावला नाही, आणि शाबासकीही दिली नाही. मी एका माणसाला वाचवलं, की एक पीक घालवलं? किती वर्षं हा प्रश्न मी मनात घोळवला, आणि किती वेळा उत्तराच्या अगदी जवळ येऊन पुन्हा वाट चुकले! मग वाढत्या वयात तो प्रश्न विचारणंच सुटलं. मामाजी त्यानंतर पुष्कळ जगले. जेवताना ते ज्वारीची भाकरी दोन्ही हातांनी डाळीत कुस्करत, आणि मी वाढता वाढता थांबून त्यांची बोटं मोजी. दहा असत. मग मी आणखी एक भाकरी आणायला आत जाई.