भात कुणी लावला

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. घरात जुन्या नोकरीचा विषय निघाला की पुराचे पंचनामे, निवडणुकीच्या पेट्या, असलं काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचो. जिला हे सांगायला हवं होतं ती आता नाही. म्हणून कागदावर उतरवतो.

मी तलाठी होतो. १९९८ साली मुळशी तालुक्यात, पौड रस्त्यालगतच्या एका सजेवर माझी बदली झाली आणि सहा वर्षांनी तिथूनच निवृत्त झालो. तलाठ्याचं एक काम पीक पाहणीचं. शेतोशेत फिरायचं, कुठे काय पेरलंय आणि प्रत्यक्ष कोण कसतंय ते पाहून नोंदवायचं. मालकाखेरीज दुसरं कोणी कसत असेल तर ते वेगळ्या नमुन्यात लिहून वर कळवायचं. नियम असा होता. मी करत असे ते वेगळंच. चिखल तुडवायला नको म्हणून चावडीतच बसून मागच्या वर्षीची नोंद पुढे ओढायचो. पिकापुढे भात, कसणाऱ्यापुढे ‘खुद्द’. म्हणजे मालक स्वतः.

ओढ्याकाठच्या एका तुकड्यात एक विधवा बाई भात करायची. जमीन गावातल्या मोठ्या घराची. तिचा नवरा ती निम्म्या वाट्याने, तोंडी बोलीवर कसत आला होता. तो गेल्यावर हिने एकटीने चालू ठेवलं. माझ्या पहिल्याच वर्षी, लोंब्या भरल्यावर, ती चावडीत आली. हातात मुळासकट उपटलेला भाताचा चूड, खाली चिखल गळतोय.

“भाऊसाहेब, तुमी शेतावर येत न्हाई, म्हनून शेत हितं आणलं. लिवा आता.”

कोतवाल हसायला लागला. तशी त्याच्याकडे वळून म्हणाली, “दात काय काडतुयास? फरशी तुलाच पुसायची हाय.”

मी वही उघडली. ‘भात’ लिहिलं. शेजारच्या रकान्यात, तिच्या डोळ्यांदेखत, ‘खुद्द’ लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं.

“माजं नाव लिवलं?”

“लिहिलं.”

पुढे दर वर्षी ती चूड घेऊन आली, दर वर्षी मी तेच लिहिलं आणि तेच सांगितलं. तिचं नाव लावायचं तर चौकशी होणार, मोठं घर नाराज होणार. त्यांच्या जीपमधून मी पौडला जायचो, त्यांच्या ओसरीवर जेवायचो. आणि ‘खुद्द’ लिहायला क्षणही लागत नव्हता.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी जमीन विकली गेली. बाई पेरणीला गेली तर बांधावर नव्या मालकाची तार आणि त्याची माणसं. तशीच चावडीत आली.

“ती मानसं म्हनत्यात, तू कोन? त्यांना तुमची वही दावा.”

मी पानं उलटल्यासारखं केलं. “मावशी, दप्तरात तुमचं नाव दिसत नाही.”

“तुमी तर लिवलं हुतं. मग खोडलं कुनी?”

मी आणखी एक पान उलटलं.

“भात हाय का लिवल्याला?”

“आहे. दरवर्षीचा.”

“मग त्यो भात कुनी लावला?”

मी कोतवालाला चहा आणायला सांगितलं. चहा येईपर्यंत ती निघून गेली होती.

निवृत्तीनंतर मी भुकूमला घर बांधलं. वरच्या खोलीत एक भाडेकरू आला, यवतमाळकडचा, कॉम्प्युटरच्या कंपनीत जाणारा. २००८ साली त्याने मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं. अमेरिकेचा इतिहास.

“काका, यात राष्ट्राध्यक्ष कमी आहेत अन् माणसं जास्त.”

शब्दकोश शेजारी ठेवून मी रोज सकाळी चार-पाच पानं वाचायचो. चार महिने लागले. इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं काही वाचलं नाही. शाळेत शिकलो तो इतिहास सगळा लढाया नि तहांचा. इथे गिरणीतल्या पोरी माग बंद करून रस्त्यावर येत होत्या. डोंगर फोडून रेल्वे टाकणारे चिनी मजूर होते. ज्या कागदावर खूण करायची तो वाचता येत नाही, अशी तिथली मूळची माणसं होती. गुलामगिरीतून सुटलेले काळे लोक पुन्हा जुन्या मालकाच्याच रानात, वाट्याने कापूस पिकवत होते. त्यासाठीच्या इंग्रजी शब्दापुढे कोशात ‘वाट्याने’ असा अर्थ सापडला तेव्हा मी पुस्तक मिटून गच्चीवर जाऊन उभा राहिलो.

त्या लेखकाचं मला फार कौतुक वाटतं. जुनी पत्रं, अर्ज, कोर्टातल्या जबान्या, मजुरांची गाणी धुंडाळून त्याने माणसं शोधून काढली होती. कागदांचं काम म्हणजे माझाच धंदा. पण तो चावडीत बसून राहिला नव्हता, शेतावर गेला होता. पानापानावर तो जे विचारत होता ते मला त्या बाईने आधीच विचारलं होतं, आणि तेही कमी शब्दांत.

दुसऱ्या वर्षी चौकशी करून मी निघालो. पौडहून एसटी बदलून तिच्या लेकीच्या गावी गेलो. मावशी अंगणात तांदूळ निवडत होती. मला पाहून खळखळून हसली.

“आलं का भाऊसाहेब? आता शेत न्हाई, तवा आलं व्हय!”

मी पुस्तकाबद्दल बोलू लागलो. अमेरिकेत कुणी रेल्वे टाकली, कुणी कापूस पिकवला, सगळं सांगत बसलो. तिने नीट ऐकलं.

“तितं बी तलाठी असत्यात का?”

“असतील कुणीतरी.”

“मग ते बी बसल्या जागीच लिवीत असत्याल.”

लेक चहा घेऊन आली. मावशीने तिला माझी ओळख करून दिली. “ह्यांनी माजं नाव लिवलं हुतं बरं का. दर साली, माज्या म्होरं. मागनं कुनीतरी खोडलं. लई भला मानूस.”

मी बशीत चहा ओतला, प्यालो, आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठलो.

फाटकापर्यंत मावशी सोबत आली. “काय काम हुतं का?”

“नाही, सहज.”

२०१०च्या पावसाळ्यात ती गेली. मला पौडच्या स्टँडवर कळलं. तिथून तिच्या लेकीच्या गावाची गाडी मी कितीदा जाताना पाहिली होती. त्या गाडीत बसून, अंगणात उभं राहून, लेकीसमोरच म्हणायचं होतं ते एवढंच: मावशी, तुमचं नाव कुणी खोडलं नाही. मी ते लिहिलंच नव्हतं. मला माफ करा.