जन्मगाव दिल्ली

मी घरातला पहिला पदवीधर. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. वडील रस्त्याच्या कामावर मुकादम म्हणून खानदेशातून गुजरात-महाराष्ट्राच्या सीमेवरच्या सिल्वासाला आले आणि इथलेच झाले. मी नाशिकला मामाकडे राहून भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केली आणि परत येऊन मसाटच्या एका धाग्याच्या कारखान्यात तपासणी खात्यात लागलो. पदवीने बाकी काय दिलं ते माहीत नाही, पण छापलेल्या गोष्टीवर संशय घ्यायचा हक्क दिला, आणि तो मी पुरेपूर वापरला.

मुंबईचा पेपर आमच्याकडे वापीहून बसने यायचा. ऐंशीच्या सुमाराला त्यात बातमी असायची की संगणक आला की कारकून उपाशी मरणार. बँकांतले लोक मोर्चे काढत होते. नव्वदीनंतर तोच पेपर सांगू लागला की संगणक आला नाही तर देश उपाशी मरणार. मधल्या काळात माझ्या ओळखीचं कुणी उपाशी मेलं नव्हतं. कॅन्टीनमध्ये मी म्हणायचो, "दोन्ही बातम्या एकाच माणसाने लिहिल्यात. फक्त मधे त्याचा पगार वाढलाय."

मग आमच्याच कारखान्यात संगणक आला. त्याला काचेची खोली, थंड हवा, अंगावर शिवलेलं कव्हर. खोलीबाहेर चपला काढायच्या. देवळात सुद्धा आमचे लोक इतक्या शिस्तीने चपला काढत नव्हते. दसऱ्याला सगळ्या यंत्रांबरोबर त्याचीही पूजा झाली, हळदकुंकू त्याच्या बटणांत गेलं आणि नंतर कित्येक दिवस एक बटण दाबलं की अक्षर दोनदा उमटायचं. वापीहून दुरुस्तीवाला आला. त्याचं एकच औषध होतं: बंद करा आणि परत चालू करा. माझ्या खात्यातल्या यंत्राबद्दल मी असं उत्तर दिलं असतं, तर साहेबांनी मलाच बंद करून घरी पाठवलं असतं.

हे सगळं हसण्यावारी होतं, जोवर ते यंत्र माझ्या घरात शिरलं नव्हतं.

माझी धाकटी बहीण खानवेलच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. वडील गेल्यानंतर तिचं लग्न बघणं माझ्याकडे आलं. स्थळं येत होती आणि ती स्वतःच नाकारत होती. एक जण फार बोलतो म्हणून, एक जण आईशी बोललाच नाही म्हणून. मग एक स्थळ आलं. मुलगा वीजखात्यात, रोज खानवेलच्याच बसने जाणारा. मी विचारलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. वर न बघता म्हणाली, "हा बरा आहे."

आमच्या बहिणीच्या तोंडी 'बरा' म्हणजे काय, हे आम्हीच जाणतो. पुढे कळलं की हा बरा माणूस गेले कित्येक महिने बसमध्ये तिच्यासाठी रुमाल टाकून जागा धरत होता.

मुलाचे वडील प्रशासनात हेडक्लार्क. मूळचे रत्नागिरीकडचे. माणूस सज्जन, पण सहीशिक्क्याशिवाय सूर्य उगवला हेही न मानणारा. बैठक झाली, चहापोहे झाले, पसंती झाली. जाताना ते म्हणाले, "एकदा पत्रिका बघून घेऊ. आता जोशीबुवांची गरज नाही. बाजारात कॉम्प्युटरवर काढून देतात. माणसाची चूक नको."

चार दिवसांनी ते एकटेच आले. हातात कडेला भोकं असलेला लांबलचक कागद. "मंगळ आहे," म्हणाले. "आठव्या घरात. फार कडक. वाईट वाटतं, पण एकुलता एक मुलगा आहे."

मी म्हटलं, "काका, हे तुम्ही मानता?"

"मी मानून न मानून काय? यात आलंय." आणि त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

ते गेल्यावर आई चुलीजवळूनच अहिराणीत पुटपुटली, "त्या डबाले काय समजस आमनी पोर?" दुसऱ्या दिवसापासून बहीण खानवेलला आधीच्या बसने जाऊ लागली. त्या बसमध्ये तिच्यासाठी कुणी रुमाल टाकत नव्हतं.

आता, माझा पत्रिकेवर विश्वास नाही. पण ज्याने ती छापली त्याच्यावर त्याहून नाही. रविवारी मी त्या बाजारातल्या सेंटरवर गेलो. मालकाचं आधी झेरॉक्सचं दुकान होतं, त्याआधी टायपिंगचं. आता पाटीवर 'कॉम्प्युटर कुंडली' आणि खाली बारीक 'लॅमिनेशनही करून मिळेल'. मी चपला काढून आत गेलो, स्वतःचीच पत्रिका काढायला सांगितली आणि त्याच्या पाठीमागे उभा राहिलो.

त्याने नाव टाकलं, तारीख टाकली, वेळ टाकली. जन्मगावाच्या ठिकाणी आला आणि काही न विचारता, काही न टाकता, नुसतं एंटर दाबून पुढे गेला.

"थांबा," मी म्हटलं. "गाव नाही विचारलंत?"

"कुठलं गाव?"

"सिल्वासा. माझा जन्म इथलाच."

"सिल्वासा नाय ने लिस्टमदी, साहेब."

"मग काय टाकलंत?"

"मी काय टाकतो? आपोआप दिल्ली येते. प्रोग्राम दिल्लीचा हाय ना."

"म्हणजे सिल्वासात जन्मलेले सगळे तुम्ही दिल्लीत जन्माला घालता?"

तो जरा दुखावला. "आजपर्यंत कुणाची कंप्लेंट नाय आली, साहेब."

मला आश्चर्य वाटायला नको होतं. टीव्हीवरच्या हवामानाच्या नकाशात आम्ही नव्हतो. नातेवाइकांना आम्ही गुजरातेत राहतो असं वाटायचं, गुजरातवाल्यांना महाराष्ट्रात. पण हवामानाने कुणाचं लग्न मोडलं नव्हतं. हा दिल्लीत बसून प्रोग्राम लिहिणारा कोण गृहस्थ, ज्याने आमच्या जन्माची जागाच बदलून टाकली?

शाळेतल्या भूगोलाएवढी गोष्ट होती. दिल्ली आमच्या पूर्वेला. तिथलं आकाश आमच्यापेक्षा थोडं पुढे सरकलेलं. पत्रिकेतली घरं त्या सरकण्यावर ठरतात. मी बहिणीची तारीख आणि वेळ त्याला दिली, आणि गावाच्या जागी यादीतलं आमच्या सगळ्यात जवळचं मोठं गाव टाकायला लावलं: सुरत. प्रिंटर करकरत राहिला. कागद फाडून बघितला तर मंगळ नवव्या घरात. दिल्लीत आठव्यात राहून लग्नं मोडणारा तोच मंगळ सुरतेला येऊन नवव्यात गेला होता, आणि तिथे तो कुणाच्या अध्यातमध्यात नव्हता.

मी तो कागद घेऊन तडक मुलाच्या घरी गेलो. वाटलं होतं, प्रश्न सुटला.

काकांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा पुसला, माझ्याकडे बघितलं. "तुम्ही स्वतः उभे राहून काढलंत हे?"

"हो."

"तेच म्हणतो मी. अहो, तुम्ही सायन्सचे पदवीधर. तुम्हाला यातलं सगळं कळतं. यंत्राला जे भरवाल ते ते ओकणार. आणि तो सेंटरवाला तर दुकानदार माणूस."

जन्मभर मी सगळ्यांवर संशय घेत आलो, आणि आता कुणी माझ्यावर घेतला तर कान तापले. मी उठणार होतो. पण बहीण आधीच्या बसने जात होती, म्हणून बसून राहिलो. म्हटलं, "मग तुम्ही चला. तुमच्या समोर काढू. तुम्ही म्हणाल ते टाकू."

"चला," आतून आवाज आला. पदराला हात पुसत काकू बाहेर आल्या. "मीपण येते. मला बघायचंय तो डबा दिसतो तरी कसा."

तिघं गेलो. सेंटरवाल्याने काकूंसाठी स्टूल दिलं. त्याने दिल्लीची कहाणी काकांना परत सांगितली, पण काकांचा प्रश्न तोच राहिला: दोन कागदांतला खरा कुठला? मी म्हणत होतो सुरत, ते म्हणत होते पहिला छापला तो.

काकू म्हणाल्या, "ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे असं काहीतरी विचारा की त्याला."

"म्हणजे काय?"

"आपली दोघांची पत्रिका जुळवा. आपला संसार झालाय. बरा झाला की नाही ते आपल्याला ठाऊक आहे. बघू त्याला ठाऊक आहे का."

तपासणी खात्यात आम्ही नव्या यंत्रात आधी माहीत असलेला नमुना घालतो. काकू कधी कारखान्यात गेल्या नव्हत्या.

काकांना दोघांच्या वेळा तोंडपाठ होत्या. रत्नागिरी यादीत होतं, त्यामुळे गावाचा वाद नव्हता. प्रिंटर करकरला. सेंटरवाल्याने कागद फाडला, वाचला आणि काकांच्या हातात न देता टेबलावर पालथा ठेवला.

"वाचा," काका म्हणाले.

"साहेब... गुण अकरा. खाली लिवलंय, विवाह करू नये."

काकांनी कागद उलटा करून स्वतः वाचला.

"काहीतरी चुकलंय," काका म्हणाले. "बंद करून परत चालू करा."

त्याने केलं. परत तेच.

"अहो, आमच्या जोशीबुवांनी सत्तावीस गुण काढले होते!"

"जोशीबुवा तुमच्या वडिलांबरोबर पत्ते खेळायचे," काकू शांतपणे म्हणाल्या. "मला तेव्हाच शंका आली होती." मग त्यांनी पदर नीट केला. "बरं, मग आता मी काय करू? जाऊ माहेरी? पण थोरला भाऊ आता ओळख देईल असं वाटत नाही."

"तू काहीतरीच बोलतेस."

"मी कुठे बोलतेय, यात आलंय." त्यांनी नवऱ्यासारखंच कागदावर बोट ठेवलं. "करू नये म्हणे. दोन मुली नि एक मुलगा झाल्यावर सांगतंय. तुमच्या ऑफिसासारखंच काम आहे याचं."

सेंटरवाला हसला आणि लगेच गप्प झाला. काकांनी कागदाची बारीक घडी केली आणि आतल्या खिशात ठेवली. तो त्यांनी पुढे कुणाला दाखवला नाही. बाहेर येऊन चपला घालताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "यंत्र चुकीचं आहे असं मी म्हणत नाही."

"नाही, काका."

"पण मुलगी चांगली आहे."

"हो, काका."

"पुढच्या रविवारी या. तारखेचं बोलू."

लग्न सिल्वासातच झालं. मुहूर्त काढायला एक म्हातारे गुरुजी आणले. त्यांच्याकडे पंचांग होतं, वीज लागत नव्हती. मी त्यांच्यावरही लक्ष ठेवून होतो, ते सोडा.

हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी बहीण माझ्याजवळ येऊन बसली. तिला सगळी हकीकत काकूंनीच सांगितली होती. बराच वेळ हसली. मग डोळे बारीक करून माझ्याकडे बघत म्हणाली, "दादा, एक खरं सांग. सुरतेतही मंगळ आठव्यातच निघाला असता तर?"

आमच्या घरात संशय रक्तातच आहे. त्याला पदवी लागत नाही.

मी म्हटलं, "त्या यादीत गावं पुष्कळ होती."