बाबांबरोबर माझाही फोटो

बाबांना मधुमेह आहे, म्हणून परतवाड्याच्या शिबिरात मी त्यांना डोळे तपासायला घेऊन गेले. तिथे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढत होते आणि तो संगणकच तपासत होता. बाबांचा निकाल चांगला आला. उठता उठता ते म्हणाले, "आता तू बी बस. आलीच आहे त पाहून घे."

मी हसत बसले. पांढरा उजेड चमकला आणि स्क्रीनवर लाल अक्षरं आली: डॉक्टरांना लवकर दाखवा.

"मशीन चुकतं का कधी?" मी फोटो काढणाऱ्या ताईंना विचारलं.

"चुकतंही. पण वाट पाहू नका."

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना अकोल्याच्या बसमध्ये मी एक डोळा झाकून दुकानांच्या पाट्या वाचत होते, मग दुसरा झाकून. सगळं स्पष्ट दिसत होतं, तरी पुन्हा पुन्हा तपासत होते. मी शिकवणी घेते. पुढे मुलांचे पेपर तपासता येतील का, एवढंच डोक्यात होतं. बाबा म्हणाले, "मले निघालं असतं त बरं झालं असतं."

डॉक्टरांनी थेंब टाकून बारकाईनं पाहिलं. "संगणकाचं बरोबर आहे. पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके आहेत. नजर अजून शाबूत आहे. साखर कधी तपासली होती?"

कधीच नाही. आजार बाबांचा, पथ्य बाबांचं, असंच मी धरून चालले होते.

साखर खूप वाढलेली निघाली. औषधं सुरू झाली, नजर टिकली. पण अजूनही दर तपासणीला त्या यंत्रापुढे हनुवटी टेकवली, की निकाल येईपर्यंत मी बाबांचा हात सोडत नाही.