सव्वा नाकाचं पोस्टर

माझ्या आत्याच्या यजमानांइतका ठाम माणूस मी पाहिला नाही, आणि ठाम व्हायला इतका वेळ घेणाराही पाहिला नाही. एकदा ठरलं की काका हलायचे नाहीत. पण ठरेपर्यंत अख्खं खालापूर हैराण व्हायचं. चपला घ्यायला गेले की एकेक जोड उचलून, हा चिखलात कसा, उन्हात कसा, अशी चौकशी चाले आणि शेवटी जुन्या चपला शिवून घेऊन घरी येत. ट्रांझिस्टर घेण्याआधी त्यांनी गावातले सगळे ट्रांझिस्टर एकेक करून घरी आणून ऐकले होते. लोकही खुशीने देत, कारण तो परत येताना लख्ख पुसलेला आणि नव्या सेलसकट यायचा.

अशात आत्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभी राहिली. डोंगराखालच्या ठाकरवाडीला विहीर मिळावी, एवढंच तिचं म्हणणं. काका म्हणाले, "पोस्टरं मी घरीच छापनार. दारायेवढी!"

समोरच्या उमेदवाराची पोस्टरं मुंबईहून छापून येऊन भिंतींवर चढलीसुद्धा, तरी छापायचं कशाने हे काकांचं ठरत नव्हतं. आधी लाकडी ठसा झाला. सागाच्या फळीवर त्यांनी सुरेख अक्षरं कोरली, पण सुलटी, त्यामुळे कागदावर ती उलटी उमटली. काका डगमगले नाहीत. "सलूनच्या समोर लावू. आरशात सरळ दिसंल."

"म्हणजे मला मतं फक्त दाढी करणाऱ्यांची," आत्या म्हणाली.

मग पुठ्ठा कापून स्टेन्सिल केलं, तर 'विहीर'मधल्या 'व'चं पोटच गळून पडलं. शेवटी रेशमावरची छपाई ठरली. चौकटीला रेशीम ताणायचं आणि त्यातून रंग खालच्या कागदावर दाबायचा. आता रेशीम कुठून आणायचं? काका कपाटापुढे नुसतेच उभे राहिले. आत्याने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि स्वतःच आपलं रेशमी पातळ काढून दिलं. "पदर तेवढा सोडून कापा," म्हणाली.

चौकट होती खिडकीची आणि पोस्टर दाराएवढं, म्हणून आत्याचा चेहरा तुकड्यातुकड्यांनी छापून ओटीवर खळीने जोडावा लागला. एका कागदावर नाक अर्धं आलं, शेजारच्यावर पाऊण. काका कागद पुन्हा पुन्हा सरकवून पाहू लागले. आत्या मात्र वाकून पाहत राहिली आणि हसत म्हणाली, "असू दे हो. सव्वा झालं ना? गावात नाक थोडं मोठंच लागतं."

आत्या पडली. थोडक्यात पडली, पण पडलीच. काकांनी दोन दिवस दाढी केली नाही. आत्या मात्र पुढच्याच आठवड्यात विहिरीसाठी तालुक्याच्या कचेरीत जाऊन बसली, आणि जातच राहिली. कारकून तिला लांबून पाहूनच खुर्ची पुढे करू लागले. दोनेक वर्षांनी वाडीला विहीर झाली.

त्याआधी, निवडणूक संपल्यासंपल्या, काका स्वतः फिरून आपली पोस्टरं उतरवत होते. भिंती लोकांच्या, त्या घाण का ठेवायच्या, हा त्यांचा बाणा. वाडीवर गेले तर एका बाईने ते पोस्टर बाहेरून अलगद सोडवून घरात, कुडाच्या भिंतीला लावलेलं. काकांनी हात घालताच ती म्हणाली, "नको काडू, दादा. बाय हाय तर घर भरल्यावानी वाटतं." त्या दिवशी काकांनी निर्णयाला अजिबात वेळ लावला नाही. एक कोपरा सुटला होता, तो चिकटवून परत आले.

आत्या गेली त्यानंतर काका अधूनमधून दुपारचे वाडीवर जात. एकदा मीही सोबत होतो. त्या बाईने काही न विचारता कोरा चहा पुढे ठेवला. काका भिंतीकडे तोंड करून बसले. चहा निवला तरी बसूनच होते.

"रंग जरा जास्तच दाबला गेला, नाय रं?" ते म्हणाले.

मी पाहिलं. रंग इतका विटला होता की चेहरा शोधावा लागत होता.

"नाही काका," मी म्हणालो, "बरोबर आहे."