टाकीतली अंगाई

गीतकार म्हणून माझं अगदी अलीकडचं रेकॉर्डिंग पाण्याच्या टाकीत झालं.

एके काळी माझ्या अंगाया घरोघरी कॅसेटवर वाजायच्या. आता मोबाइलवर पंख्याची घरघर लावली की बाळं झोपतात. (माझी सख्खी नातसुद्धा! पंख्याकडून हरणं फार लागतं हो.) त्यामुळे इतक्या वर्षांनी एका वेब सीरिजवाल्याचा फोन आला, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभीच राहिले.

"मॅडम, अंगाई हवीये. पण गाणारी मेलेली आहे."

"अरेरे! कधी गेली?"

"कॅरेक्टर, मॅडम! भूत आहे ती. डेमो पाठवा. आणि आवाज घुमला पाहिजे हां!"

घुमणार कुठे? आमच्या मुलुंडच्या दोन खोल्यांत माणसांना वळायला जागा नाही. पण त्या दुपारी गच्चीवरची सोसायटीची टाकी धुण्यासाठी रिकामी केली होती. धुणारे जेवायला गेले आणि मी शिडीवरून आत उतरले. या वयात!

आत ओल आणि काळोख. वर झाकणाएवढं आभाळ. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हटलं, "ये रे बाळा, ये रे खाली, पाण्यात आई निजली..."

ओळ भिंतींना लागून परत आली. जरा उशिराच, आणि मी गायले त्याहून खालच्या सुरात. अंगावर काटा आला. म्हटलं, झकास!

पुन्हा गायले. तेवढ्यात पायाशी, पाइपाच्या भोकात, कुणीतरी श्वास घेतला.

मी थांबले. तोही थांबला.

"ये रे... बाळा..." माझा आवाज चिरकला. आणि खालून घोगरं उत्तर आलं, "जा... जा..."

मी जी किंचाळले! शिडी कशी चढले ते आठवत नाही. एक चप्पल अजून टाकीत असेल.

जिन्यात अख्खी सोसायटी उभी! पाणी येईल म्हणून सगळ्यांनी नळ उघडे ठेवलेले, आणि कोरड्या पाइपांतून माझी अंगाई घराघरांतल्या मोरीत उतरलेली. आमचे हे तोंडाला साबण लावून टॉवेलवर उभे. पुढे माझ्या थोरल्या जाऊबाई, हातात नारळ.

"नळात बाई रडता गो!" त्या म्हणाल्या. "मी नळाक तोंड लावून सांगलंय, जा, जंयसून इलंस थंयच जा! तर मेली कशी किंचाळली!"

"जाऊबाई, ती मी होते."

त्या दोन पायऱ्या मागे सरल्या आणि वाकून माझे पाय बघू लागल्या. सरळ आहेत याची खात्री झाल्यावरच नारळ खाली ठेवला.

"पण तू रडत कशाला होतीस?" ह्यांनी विचारलं.

"अहो, गात होते!"

जाऊबाईंनी नारळ पुन्हा उचलला. ते भुताहून वाईट!

रडतरडत डेमो पाठवला. लगेच फोन. "मॅडम, एक नंबर! शब्द तेवढे काढून टाकलेत. शेवटची किंकाळी ठेवलीये."

आता सीरिजच्या शेवटी, अगदी तळाला, माझं नाव येतं: 'किंकाळी'. परवा दुसऱ्या एका निर्मात्यानं विचारलं, "मॅडम, तुम्हाला भेसूर रडता येतं का?"

मी म्हटलं, "येतं की! गायले तर चालेल ना?"