अर्धा कप कॉफी

त्या मंगळवारी सकाळी माझा नवरा गेला. त्याआधी तासभर त्याने अर्धा कप कॉफी मागितली होती आणि मी नाही म्हटलं होतं.

डॉक्टरांनी दिवसाला एकच कप सांगितला होता. तो कप झाला होता. "तुझं डॉक्टरांशी फार जमतं," एवढंच तो म्हणाला आणि हसला. हसला असं मला आठवतं. आता खात्री नाही.

दहाव्या दिवशी करावे गावाच्या बाजूला, खाडीकाठी पिंड ठेवला. कावळे कुंपणावर बसून होते, शिवत नव्हते. माझी काळजी घेऊ, असं धाकट्या दिराने हात जोडून सांगितलं. घर माझ्याच नावावर राहील, असं नणंदेने सांगितलं. गुरुजी म्हणाले, थोडं थांबू, नाहीतर दर्भाचा कावळा करू. माझा या गोष्टींवर विश्वास नाही. तरी मी उठले आणि कारण न सांगता रिक्षाने घरी आले. आमचं सीवूड्सचं घर तिथून जवळ आहे.

कॉफीच्या पर्कोलेटरला मी कधी हात लावला नव्हता; ते त्याचं काम. खाली पाणी, वर जाळीच्या भांड्यात पावडर, इतकं माहीत होतं. पाणी उकळून नळीतून वर उडतं आणि झाकणावरच्या काचेच्या टोपीत दिसतं. पण गॅस कधी बंद करायचा? तो पेपरचं पहिलं पान वाचायचा आणि पान संपलं की उठायचा. दाराशी न उघडलेले पेपर पडले होते, त्यातला एक मी घेतला. एकच बातमी तीनदा वाचली, काहीच कळलं नाही. त्याचं पान किती मिनिटांचं असायचं? टोपीतलं पाणी पिवळं, मग तपकिरी, मग काळं झालं. तेव्हा गॅस बंद केला आणि कॉफी थर्मासमध्ये ओतली.

परत पोचले तर मंडळी चपला घालत होती.

"वहिनी, तुमची रिक्षा वळली आणि कावळा शिवला," दीर म्हणाला.

"तेव्हा काय बोलला होतात तुम्ही?"

"काहीच नाही. वहिनी मधेच कुठे गेल्या, एवढंच चाललं होतं आमचं."

थर्मासमध्ये काय आहे, असं नणंदेने विचारलं. कॉफी, मी सांगितलं. मग कागदी कपांतून सगळ्यांनी थोडी थोडी घेतली. फार कडू झाली होती. दादाने ही सरळ बेसिनमध्ये ओतली असती, असं दीर म्हणाला, आणि नणंद रडता रडता हसली.

म्हणजे त्याला कॉफी नकोच होती? की मी करायला निघाले, तेवढंच पुरलं? की कावळ्याला नुसती भूक लागली होती? सकाळी एक उत्तर खरं वाटतं, दुपारी दुसरं. दिराला विचारावं, तर आधी मंगळवारचं सांगावं लागेल.

आता घरात मी एकटी असते. त्या अर्ध्या कपाबद्दल मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.